चामड्याची बैठक

मराठी भाषेत चामड्याला मान नाही. एखाद्याला दम द्यायचा असला तर आपण त्याची चामडी लोळवण्याची भाषा करतो. कोणी निगरगट्ट निघाला तर त्याची कातडी गेंड्याची ठरते. पुढाऱ्याने ऐन वेळी मौन धरलं की ते कातडीबचाऊ धोरण, आणि कंजूष माणसाविषयी बोलताना चमडी-दमडीचं यमक जुळावं म्हणून आपण शेजारच्या हिंदीकडून उसनवारीही करतो. पण याच चामड्याला 'लेदर' म्हणून पाहा. बोलणाऱ्याचा आवाज एकदम खाली येतो, डोळे अर्धे मिटतात आणि ऐकणारा आपोआप सावरून बसतो.

जनावराच्या अंगावर असतं तोवर ते कातडं. पायात आलं की चामडं. मोटारीत जाऊन बसलं की लेदर. वस्तू तीच, फक्त बढती होत जाते. आमच्या बँकेतही असंच आहे. पूर्वी मला कारकून म्हणत, मग लिपिक म्हणू लागले, आता असोसिएट म्हणतात. खुर्ची तीच आहे, समोरची रांग तीच आहे, आणि रांगेतल्या माणसाचा 'अजून किती वेळ लागन जी?' हा प्रश्नही तोच आहे. खुर्ची अर्थात रेक्झिनची आहे.

ही सगळी शब्दचिकित्सा करायची वेळ आली ती आमच्या साडभाऊंमुळे. साडभाऊ नागपूरला असतात. त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक लांबलचक मोटार घेतली. कोणाची तरी वापरलेली, पण आतल्या सीटा लेदरच्या, दुधाच्या सायीच्या रंगाच्या. तेव्हापासून त्यांच्याशी कोणताही विषय काढा, चौथ्या वाक्याला ते सीटवर येऊन बसतात. 'पाठ दुखते हो अलीकडे,' असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, 'लेदरवर नाही दुखत.'

तर ही मोटार गेल्या मे महिन्यात आंजीला आली. माझी शाखा आंजीची. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. सरकारी कागदात त्याचं नाव 'आंजी (मोठी)' असं लिहितात, कंसासकट. बी.कॉम. झालेल्या माणसाला कंस दिसला की धडकीच भरते, कारण ताळेबंदात कंसातला आकडा म्हणजे तोटा. बदलीच्या हुकमावर कंसात मोठी आंजी पाहिली तेव्हा सगळ्यात आधी मनात आलं, की हा आपला मोठा तोटा दिसतो. तसं काही झालं नाही, गाव झकास आहे. पण मे महिन्यात ते वर्धा जिल्ह्यातच असतं, आणि वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत सहज चढतो. आमच्या अंगणात कडुनिंबाची सावली सकाळी दहापर्यंतच राहते. मोटार दिवसभर तिथे उभी.

चौथ्या दिवशी साडभाऊंनी दार उघडलं आणि हाय खाल्ली. पुढच्या सीटला बारीक भेगा पडलेल्या. ड्रायव्हरच्या बाजूला निळसर छटा, ती त्यांच्याच नव्या जीनच्या पॅन्टची देणगी. मागच्या सीटवर त्यांच्या धाकट्याने आमरसाने काढलेला महाराष्ट्राचा नकाशा, त्यात विदर्भ वेगळा झालेला.

आपल्याकडे दुखण्यापेक्षा वैद्य जास्त. तासाभरात अंगणात दरबार भरला. शेजारच्या काकूंनी साजूक तूप सुचवलं. शाळेतल्या सरांनी टूथपेस्ट सांगितली. आमचे शाखाधिकारी म्हणाले, केळाच्या सालीने उत्तम होतं, आणि साल शिल्लक राहावी म्हणून केळं स्वतः खाऊन टाकलं. आईने एरंडेल सांगितलं. पण आई गेली चाळीस वर्षं सगळ्यालाच एरंडेल सांगते, त्यामुळे तिचं मत सल्ला म्हणून कोणी धरत नाही.

मी मात्र गप्प होतो. कॉमर्सच्या माणसाला एक सवय असते. समोर कसलंही प्रकरण आलं की तो आधी त्याचा मागचा इतिहास मागतो. त्या रात्री मी लेदरची फाईल उघडली, आणि काय सांगू, साडभाऊंच्या ऐटीला पहिल्याच पानावर भोक पडलं.

मोटारीतली चामड्याची सीट मुळात मालकासाठी नव्हतीच! ती ड्रायव्हरची. घोड्याची बग्गी जाऊन मोटार आली, तेव्हा बग्गीची रीत तशीच पुढे चालू राहिली. बड्या लोकांच्या मोटारीत पुढचा भाग उघडा असे. तिथे शोफर बसायचा, ऊन-पाऊस खायचा. त्याची सीट चामड्याची, कारण चामडं भिजलं तर पुसता येतं, आणि टिकतं दणकट. मालक-मालकीण मागे बंद डब्यात, मऊ लोकरी कापडावर. चामडं म्हणजे गड्याची जागा आणि कापड म्हणजे धन्याची, असा साधा हिशेब होता. पुढे मोटारीला सगळीकडून छप्पर आलं, शोफर परवडेनासा झाला, मालक स्वतःच पुढे येऊन चाकामागे बसला आणि जाता जाता ड्रायव्हरचं चामडंही आपलं म्हणून मिरवू लागला. लंडनच्या कॉनली बंधूंनी १८७८ साली चामड्याचं दुकान काढलं. पुढे रोल्स-रॉइससारख्या मोटारींना त्यांचंच चामडं लागे. चामड्याला लावायचं मलमही ते विकत, आणि त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'हाइड फूड', म्हणजे कातड्याचं जेवण! आमच्या काकूंचं साजूक तूप अगदीच चुकीच्या घराण्यातलं नव्हतं म्हणायचं. २००२ साली त्यांचा तो चामड्याचा कारखाना बंद झाला.

ही शोफरची हकीकत मी सकाळी चहाच्या वेळी साडभाऊंना सांगितली. त्यांनी 'असं का,' एवढंच म्हटलं आणि पोह्यांवर जास्तीचं लिंबू पिळलं.

आता कोणी म्हणेल, लंडनच्या चामड्याशी आंजीचा काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला पाण्याचा आहे. दुष्काळाचं सोडा, पण एरवी या भागातल्या विहिरींनी ज्या बागा पोसल्या त्या मोटेच्या जोरावर. मोट म्हणजे कातड्याची थोरली पिशवी, खाली सोंड. एका खेपेला शंभर लिटरच्या वर पाणी आणणारी. बैलजोडी उतरत्या धावेवरून खाली गेली की जाड नाडा मोट वर ओढणार, बारीक सोंदूर सोंडेला आवरून धरणार, आणि मोट काठाशी आली की पाणी भसकन थारोळ्यात. बैल उलटे पावली मागे, मोट पुन्हा खाली. हे पहाटेपासून ऊन तापेपर्यंत. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे, ती लोक आता तिकडे सहल काढून बघतात. बारा मोटा एकदम चालत असतील तेव्हा तिथे काय कुरकुर, काय हाकारे आणि काय गाणी उठत असतील!

या मोटेची जी निगा, तीच आजच्या लेदर सीटची. कातडं वाळलं की भेगाळतं, म्हणून मोट कधी कडक उन्हात टाकून ठेवायची नाही. सतत ओलं राहिलं तर कुजतं, म्हणून काम संपलं की सावलीत टांगायची. तेल पाजायचं, करंजाचं नाहीतर एरंडीचं. (आईचा हा विजय मी तिला अजून सांगितलेला नाही, घरात राहायचं आहे.) शिवण उसवली तर त्याच दिवशी चांभाराकडे. याबद्दल चांभाराला रोख पैसे नसत. सुगीत खळ्यावर धान्य मिळे, तेच बलुतं. म्हणजे वार्षिक देखभालीचा करारच, आणि त्यात किती शेर ज्वारी पदरात टाकायची हे अर्थातच खळ्याच्या मालकाने ठरवायचं.

पुढे तेलाची इंजिनं आली, विजेचे पंप आले, आणि मोट माळ्यावर गेली. तिथून उंदरांकडे.

इथे थोडं शास्त्र आलंच. पण घाबरू नका, मी स्वतः विज्ञानातून पळूनच कॉमर्सला आलो. कच्चं कातडं नुसतं ठेवलं तर सडतं. ते सडू नये म्हणून त्याच्यावर जे करतात त्याला मराठीत फार सुंदर शब्द आहे, कातडं 'कमावणं'. आधी पाण्यात भिजवायचं. मग चुन्याच्या निवळीत ठेवायचं म्हणजे केस सुटतात. केस आणि आतलं मांस खरवडून काढायचं, चुना धुऊन काढायचा, आणि मग झाडाच्या सालीचा काढा. बाभळीची साल, हिरडा, तरवड. या झाडांतलं तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना असं घट्ट धरतं, की ते पुन्हा सडायचं नाव घेत नाहीत. हिरडा जिभेवर ठेवल्यावर तोंड जसं आवळून येतं ना, तेच कातड्याचं होतं. गावाकडे कातड्याची पिशवी शिवून, ती टांगून, तिच्यात काढा ओतत राहायची पद्धत होती. काढा आतून झिरपतो, खाली भांड्यात पडतो, पुन्हा वर ओतायचा. दिवसचे दिवस. वास असा, की हे काम गावकुसाबाहेर ठेवलं गेलं, आणि कामाबरोबर करणाराही.

तर आपण म्हणतो शरीर कमावलं, पैसा कमावला, कातडं कमावलं. पहिल्या दोघांना गावात मान मिळाला. कातडं कमावणाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या नेमकं काय कमावलं, हा हिशेब कोणत्याच खातेवहीत जुळत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सालीची जागा क्रोम नावाच्या क्षाराने घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं, आणि चामडं पाण्याला दाद देईनासं झालं. आपल्या देशात मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला या क्रोम चामड्याचे प्रयोग मांडले, ते कशासाठी? मोटेसाठी! पाण्यात जास्त टिकणारी मोट त्याला हवी होती. आज बहुतेक मोटारींच्या सीटा ज्या जातीच्या चामड्याच्या असतात, ते इकडे आधी विहिरीत उतरलं होतं. साडभाऊंना मी हेही सांगितलं. तोवर ते माझ्यापासून जरा लांब बसायला लागले होते.

आता मोटारीच्या सीटेत आणखी एक गोम आहे. चामड्यावर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक लेप असतो. म्हणजे आपण चामड्यावर बसतच नाही, लेपावर बसतो. त्यामुळे तूप लावलं तर ते आत मुरत नाही, वरच बसून राहतं, धूळ गोळा करतं आणि पुढच्या पाहुण्याच्या पॅन्टीला फोडणीचा वास देतं. टूथपेस्टमध्ये खडूसारखी बारीक पूड असते, ती लेपच खरवडते. कपड्याचा साबण आणि सोडा तर मुळीच नको, कारण चामड्याची प्रकृती किंचित आंबट आणि यांची नेमकी उलटी. केळाच्या सालीविषयी मी काही बोलत नाही, शाखाधिकाऱ्यांच्या हातात माझी रजा असते.

आणि रेक्झिन? ते तर चामड्याचं सोंग. रेक्झिन हे मूळ इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीचं नाव. गावाचं नावही हाइड, म्हणजे इंग्रजीत कातडं, आणि त्या गावात खोटं कातडं बनत होतं! सुती कापडावर कापसाचाच एक लेप द्यायचा, पण हा कापूस आधी नायट्रिक आम्लाचा संस्कार झालेला. असा कापूस भडका उडवतो, बंदुकीच्या दारूतही तो वापरत. एकीकडे हिंगणघाटचा नामांकित कापूस आणि दुसरीकडे पुलगावचं दारूगोळ्याचं कोठार, अशा जिल्ह्यात बसून हे वाचताना मला उगाच आपलेपणा वाटला. आता रेक्झिन प्लॅस्टिकचं असतं, त्यामुळे माझ्या खुर्चीपासून ग्राहकांना धोका नाही.

पण चामड्याच्या इतिहासात वर्ध्याचं खरं पान वेगळंच आहे. १९३२ च्या अखेरीस विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडीला राहायला गेले. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले, १९३६ मध्ये सेवाग्रामला. आणि त्याच काळात नालवाडीत चर्मालय उभं राहिलं. गोपाळराव वाळुंजकर ते चालवत. नियम असा, की कातडं घ्यायचं ते आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचंच, मारलेल्याचं नाही. १९३४ च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी खेड्यातल्या या धंद्यावर लिहिलं, आणि त्यात माझ्यासारख्याला आवडेल असा आकडा दिला. वर्षाला नऊ कोटी रुपयांचं कच्चं कातडं या देशातून बाहेर जातं, आणि त्यातलं बरंच वस्तू होऊन परत आपल्यालाच विकलं जातं. आजच्या भाषेत याला व्यापारतूट म्हणतात. आणि गांधीजी त्याचं निम्मं कारण शिवाशिवीत शोधत होते. ज्या हातांना आपण शिवत नाही, त्या हातांचं कसब वाढणार कसं?

त्यांना हे बोलायचा अधिकारही होता. दक्षिण आफ्रिकेत हर्मन कालेनबाख हा त्यांचा मित्र मेरियनहिल मठातल्या साधूंकडून चपला करायला शिकून आला, आणि त्याच्याकडून गांधीजी शिकले. वाण्याच्या घरातला बॅरिस्टर, आणि हातात चामडं! तुरुंगात बनवलेला एक जोड त्यांनी १९१४ साली जनरल स्मट्‌सला भेट दिला, म्हणजे ज्याने तुरुंगात घातलं त्यालाच. स्मट्‌सने तो कित्येक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तरीला परत पाठवला. पंचवीस वर्षं! मी गेल्या दिवाळीत घेतलेली चपल होळीला गेली, तेव्हा चपलेचा टिकाऊपणा चामड्याइतकाच बनवणाऱ्यावर अवलंबून असतो, हे मान्य करायला हवं.

याच वर्ध्यात मोटारीचंही एक प्रकरण झालं. जमनालाल बजाजांकडे एक जुनी फोर्ड मोटार होती. तिचं इंजिन काढून तिला बैल जुंपले, आणि तिचं नाव पडलं 'ऑक्सफर्ड'. ऑक्स म्हणजे बैल, पुढे फोर्ड. पेट्रोलचा खर्च नाही, गियरची भानगड नाही आणि नाव थेट विलायती विद्यापीठाचं. त्या मोटारीची बैठक चामड्याची होती का, हा प्रश्न मला सुचला खरा. पण पुढे दोन बैल चालत असताना मागे चामड्यावर ऐटीत बसणं मला तरी जमलं नसतं. बैलाने मागे वळून पाहिलं तर?

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण वर्ध्यापासून नागपूर पाऊणशे किलोमीटर, आणि तिथे या गोष्टीचं दुसरं टोक आहे. बाबासाहेब आंबेडकर आपल्या माणसांना सांगत होते, मेलेली ढोरं ओढणं सोडा. गांधीजी म्हणत, या कामाला प्रतिष्ठा द्या. बाबासाहेब म्हणत, ज्यांच्या माथी ते मारलंय त्यांनी ते आधी खाली ठेवावं, प्रतिष्ठेचं मग पाहू. १५ ऑक्टोबर १९५६ ला, म्हणजे दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात त्यांनी एक जुनी हकीकत सांगितली. 'केसरी'त कोणीतरी हिशेब मांडला होता, की गावात वर्षाकाठी एवढी जनावरं मरतात, त्यांचं कातडं, शिंगं, हाडं यांचे पाचशे रुपये होतात, आणि आंबेडकरांच्या सांगण्यामुळे त्या गरिबांचं तेवढं उत्पन्न बुडतं. बाबासाहेबांचं उत्तर असं, की मग हा फायदा तुम्हीच का घेत नाही? तुम्ही ढोरं ओढा, ते पाचशे तर तुम्हाला मिळतीलच, वर माझे पाचशे मी देतो.

मी बी.कॉम. आहे, बँकेत वीस वर्षं झाली. दुप्पट परतावा आणि जोखीम शून्य, असा प्रस्ताव मी दुसरा पाहिलेला नाही. घ्यायला कोणी पुढे आलं नाही.

असो. अंगणातल्या मोटारीकडे येऊ. नागपूरच्या एका दुकानाने फोनवर सीटा 'रिस्टोर' करायचे सहा हजार सांगितले होते, आणि साडभाऊ ते द्यायला निघालेही होते. मीच म्हटलं, आधी आमच्या बाबांना दाखवू. बाबा म्हणजे स्टँडजवळ बसणारे गटई कामगार. हा सरकारी शब्द. सरकार अशा कामगारांना पत्र्याचा स्टॉल देतं, त्यांनाही मिळाला आहे. वय पंचाहत्तरच्या आसपास. नातवाच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेत येतात, म्हणून माझी ओळख. अर्जातल्या 'कौटुंबिक व्यवसाय' या रकान्यापाशी थांबून त्यांनी मला विचारलं होतं, 'साहेब, हे लिवनं जरुरीच हाय का? पोरगा इंजिनेर होऊन राह्यला.'

बाबा आले. मोटारीभोवती एक फेरी मारली. सीटेवर बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवला आणि बघत राहिले. थेंब मोत्यासारखा उभा. मग सीटेची बाजू दाबली, पाठ दाबली, खालची शिवण चाचपली आणि साडभाऊंना म्हणाले, 'भाऊ, बसाची जागा तेवढी चामड्याची हाय. बाजूनं न् मांगून रेक्झिन हाय.'

'पण लेदर सीट म्हणून घेतलीय मी!'

'हाव ना. जिथं तुम्ही टेकता, तिथं हाय. बाकी कोन पाह्यते?'

ही गोष्ट खरी आहे. कित्येक मोटारींत 'लेदर'च्या सीटा अशाच असतात, अंग लागतं तिथे चामडं, नजर लागते तिथे प्लॅस्टिक. साडभाऊ दोन वर्षं ज्या पाठीवर हात फिरवून पाहुण्यांना दाखवत, ती माझ्या बँकेतल्या खुर्चीची सख्खी बहीण निघाली.

मग बाबांनी काम सुरू केलं. मोटार आधी सावलीत घ्यायला लावली आणि तास-दीड तास थंड होऊ दिली. मऊ ब्रशने शिवणीतली धूळ काढली. 'धूर काढली नाई न् पुसलं, त घासकागद होते.' कोमट पाण्यात अंगाच्या साबणाचा नव्हे, बाळाच्या सौम्य साबणाचा फेस केला. फडक्यावर पाणी नाही, फेस घ्यायचा. आधी सीटेच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे कोणी पाहत नाही तिथे लावून रंग निघतो का ते पाहिलं. नंतर एकेका वितीचा तुकडा घेऊन हलक्या हाताने पुसत गेले, मागोमाग पिळलेल्या ओल्या कपड्याने, मागोमाग कोरड्याने. आमरसाचा महाराष्ट्र गेला. जीनचा निळा रंग अर्धा गेला. उरलेला अर्धा लेपात उतरला होता, 'तो आता तुमच्यासंगंच राहीन.' पूर्ण वाळल्यावर वर्ध्याहून आणलेलं मलम, अगदी बोटभर, फडक्याने पातळ फिरवलं. भेगांबद्दल साफ सांगितलं, की पडलेली भेग मलमाने मिटत नाही, फक्त पुढची पडायची लांबते. आणि पावसाळ्यात काचा जरा उघडून वारा लागू द्यायचा, नाहीतर बुरशी धरते.

काम करताना ते एकदाच बोलले, मोटेबद्दल. त्यांच्या लहानपणी वडील मोट शिवत आणि पोराला आत उतरवत, आतून दोरा घ्यायला. 'आत बसलो का दुनिया दिसे नाई. नुस्ता करंजाचा वास.' एवढं बोलून पुन्हा फडकं पिळायला लागले.

चार वाजता बायकोने चहा आणला. बाबांनी पिशवीत हात घातला आणि आपला स्टीलचा ग्लास काढून पुढे धरला. कोणी मागितला नव्हता. बायको क्षणभर थांबली, मग जणू पाहिलंच नाही असं करून आमच्यासारखाच कपबशीतला चहा त्यांच्या हातात देऊन आत गेली. बाबांनी चहा घेतला. थोड्या वेळाने मी पाहिलं, तर कपबशी अंगणातल्या नळाखाली धुऊन, पालथी घालून, पायरीच्या कडेला ठेवलेली होती. ग्लास पिशवीत गेला होता.

मग पैशांचा विषय. बाबांनी पाचशे सांगितले. सहा हजारांना तयार झालेले साडभाऊ पाचशेला अडले. माणूस मॉलमध्ये जे देतो ते पायरीवर देत नाही. 'अहो, चार तास तर लागले! पाण्याने तर पुसलंय. दोनशे घ्या.'

बाबांनी फडकं झटकलं, घडी केली, आणि शांतपणे म्हणाले, 'मंग असं करा भाऊ. मांगची शीट राह्यली हाय अजून. ते तुम्हीच पुसा. मीच तुम्हाले पाचशे देतो.'

साडभाऊंना भाषणाची हकीकत ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मिशीचं एक टोक हललं असावं असं मला वाटलं. साडभाऊंनी खिशातून पाचशेची नोट काढली, सरळ केली आणि दिली. मागची सीट बाबांनी पुरी केली, सूर्य मावळायच्या आत.

साडभाऊ दुसऱ्या दिवशी नागपूरला परत गेले. निघताना बाबांचाच सल्ला म्हणून आईने उन्हासाठी घरातली एक जुनी सोलापुरी चादर पुढच्या सीटांवर अंथरून दिली, मागच्या सीटवर दोन टॉवेल. परवा आम्ही नागपूरला गेलो होतो. पाऊस सुरू झालाय, ऊन नाही, पण चादर अजून तशीच आहे, फक्त चारही कोपऱ्यांना आता सेफ्टी पिना लावल्यात.